बर्फातली पायवाट आणि पहिली स्की

प्रश्न : आम्ही तिघे दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतो. जानेवारीत उत्तराखंडातल्या औलीला स्कीइंग शिकायचं आणि जंगलातून गोरसन बुग्यालपर्यंत (डोंगरावरच्या गवताळ कुरणापर्यंत) चालत जायचं ठरतंय. तेवढा दम पुरेल का? कपडे कोणते घ्यावेत? (कोथरूड)

उत्तर : दम पुरेल. काळजी घ्यायची ती घामाची. गडावर भिजलेला टी-शर्ट वाऱ्यावर सुकतो. बर्फात तोच टी-शर्ट थांबल्याक्षणी अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेवा. अंगालगत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कापडाचं जाकीट), सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. चढ लागला की फ्लीस काढायचं आणि थांबल्याबरोबर, कुडकुडायची वाट न बघता, पुन्हा चढवायचं. हातमोज्यांचा एक कोरडा जोड सॅकमध्ये राखून ठेवा.

बुग्याल औलीपासून सुमारे तीन किलोमीटर, वाट ओक आणि सूचिपर्णी झाडांमधून जाते. अंतर किरकोळ वाटेल, पण वेळ सह्याद्रीच्या दुप्पट धरा. सकाळी बर्फ टणक असतो, तेव्हा बुटांना मायक्रोस्पाइक (तळाला चढवायचे छोटे लोखंडी दात) लागतात. ऊन चढलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततो; गेटर (बुटापासून पोटरीपर्यंतचं आवरण) नसतील तर बर्फ बुटात शिरून मोजे ओले होतात. त्यामुळे लवकर निघून दुपारच्या आत परता. खाली झुकलेल्या फांद्यांच्या झाडाच्या बुंध्याशी जाऊ नका. फांद्यांमुळे तिथे बर्फ दाबून बसत नाही, आत पोकळी राहते आणि माणूस त्यात पडू शकतो. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, म्हणजे बूच मोकळं राहतं. नळीने पाणी प्यायची पिशवी नकोच, नळी गोठते.

पुणे साधारण 560 मीटरवर, औली 2500 च्या वर. औलीच्या पायथ्याच्या जोशीमठला एक रात्र काढून मग वर जा. डोकेदुखीबरोबर मळमळ सुरू झाली तर आणखी चढू नका. त्रास वाढला तर खाली उतरा.

प्रश्न : भाड्याचे स्की-बूट नीट बसलेत हे नवख्या माणसाने कसं ओळखायचं? (सदाशिव पेठ)

उत्तर : पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजून न्या, स्की-बुटांचं माप त्यातच असतं. मोजा एकच, गुडघ्यापर्यंतचा. थंडी म्हणून दोन घातले की रक्तपुरवठा दबतो आणि बोटं उलट जास्त गारठतात. थर्मलची कड बुटात जाऊ देऊ नका, तिची घडी दिवसभर नडगीला टोचते. टाच आपटून मागे बसवा आणि बकल लावा, घोट्याजवळचं घट्ट, बोटांवरचं सैलसर. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत. टाच आत उचलली जात असेल तर एक माप लहान मागा.

बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) लावून घेताना वजन, उंची, वय आणि आपण नवखे आहोत हे खरंखरं सांगा. बूट किती जोरावर सुटेल ते त्यावरून आणि बुटाच्या तळाच्या लांबीवरून ठरतं. जास्त घट्ट बाइंडिंग पडल्यावर उघडत नाही आणि गुडघ्याचा लिगामेंट जातो. बूट अडकतच नसेल तर तळाला चिकटलेला बर्फ काठीने खरवडा. आधी पुढचं टोक, मग टाच दाबा.

प्रश्न : उतारावर वेग आवरत नाही असं ऐकलंय. पुण्यात कसला सराव करावा? (वारजे)

उत्तर : भीती वाटली की माणूस मागे झुकतो आणि तिथेच स्की हाताबाहेर जाते. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली, हा वेग आवरायचा पवित्रा म्हणजे स्नो प्लाऊ, तो पहिल्या दिवशी पक्का करा. त्यात सगळा भार मांड्यांवर येतो. म्हणून सिंहगड जीपने नाही, पायीच उतरा. पावलं हळू टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा. घरी भिंतीला पाठ टेकवून खुर्चीच्या बैठकीत तीस सेकंद, चार वेळा, एक दिवसाआड. निघायच्या आधी सहा आठवडे सुरुवात करा.