टोकियोत त्सुकिजी बाजाराच्या कडेला एक छोटं शिंतो देऊळ आहे, त्याचा इतिहास काय?

ते नामियोके इनारी. ‘नामियोके’ म्हणजे लाटा परतवणारा. १६५७ च्या भीषण आगीनंतर एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, इथं समुद्रात भराव टाकायला घेतला. पण बांध काही टिकेना, लाटा फोडून टाकत. आख्यायिका अशी, की एका रात्री पाण्यावर काहीतरी चमकताना दिसलं. ते इनारी देवाचं प्रतीक निघालं. १६५९ मध्ये त्याची स्थापना केली आणि दर्या शांत झाला. (आपल्या कोळीवाड्यात ही गोष्ट सहज पटेल!) मासळीबाजार शेजारी आला तो थेट १९३५ मध्ये, आणि २०१८ मध्ये घाऊक बाजार तोयोसूला गेलासुद्धा. देऊळ तिथंच आहे. गेलात तर आवारातले स्मृतिदगड नक्की बघा: सुशीच्या माशांसाठी, कोळंबीसाठी, चक्क अंड्यांसाठीही. ज्यांच्यावर पोट चालतं, त्यांचे आभार मानायला व्यापाऱ्यांनी उभारलेले.