युरिक ॲसिड वाढलं तर हार्ट अटॅक येतो का?
संबंध आहे, पण तेच थेट कारण आहे असं सिद्ध झालेलं नाही. युरिक ॲसिड जास्त असणाऱ्यांना बीपी, शुगर, वाढलेलं वजन, किडनीचा त्रास हेही बऱ्याचदा असतं आणि हे सगळं हार्टला त्रासदायकच, त्यामुळे नुसतं यालाच दोषी धरणं अवघड आहे. ब्रिटनमधल्या ऑल-हार्ट ट्रायलमध्ये (२०२२) हृदयविकार असलेल्या पण गाऊट (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजून दुखणं) नसलेल्या ६० वर्षांवरच्या पेशंटना ॲलोप्युरिनॉल (युरिक ॲसिड कमी करणारी गोळी) देऊन बघितलं, अटॅक, स्ट्रोक काही कमी झाले नाहीत. म्हणून रिपोर्टमध्ये ७ च्या वर आकडा दिसला की लगेच स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नका प्लीज, आधी बीपी, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघून घ्या. आणि हो, बीपीसाठी लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या असतात त्यांनीही युरिक ॲसिड वाढतं, डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद नका करू.