चीट आधी की ‘चिंट्झ’ आधी?

प्रश्न असा आहे: आजीच्या तोंडी ‘चिटाचं परकर-पोलकं’ असायचं. हे ‘चीट’ इंग्रजी ‘चिंट्झ’वरून आलं का?

नाही, गंगा उलटी वाहिली आहे. आपलं चीट आणि हिंदीतलं छींट एकाच घरातले. शिंतोडे उडावेत तसे ठिपके किंवा फुलं असलेलं सुती कापड, असा साधा अर्थ. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाऱ्यांनी कापडाच्या गाठींबरोबर शब्दही उचलला. लंडनचा आरमारी खात्यातला अधिकारी सॅम्युअल पीप्स ५ सप्टेंबर १६६३ च्या रोजनिशीत लिहितो, की बायकोच्या नव्या खोलीच्या भिंतींना लावायला ‘चिंट’ घेतलं. पुढे लगेच खुलासा, की म्हणजे हिंदुस्थानातलं रंगवलेलं कॅलिको. स्वतःच्या रोजनिशीतही फोड करून सांगावं लागतं, इतका तो शब्द तेव्हा नवा होता. (कॅलिको म्हणजे सुती कापड; हेही नाव कालिकतवरून आलेलं.)

मग शेवटचा ‘झ’ कुठून आला? पीप्सचा शब्द ‘चिंट’ असा एकवचनी आहे. बाजारात अनेकवचनी ‘चिंट्स’ जास्त चालायचं. पुढे लोकांना तेच एकवचन वाटलं आणि स्पेलिंगमध्ये ‘झेड’ येऊन बसला. आपण ‘एक लेडीज चढली’ म्हणतो, तोच प्रकार.

खरी गंमत मात्र शब्दाच्या प्रतिष्ठेची आहे. मच्छलीपट्टणम किंवा गुजरातकडचं चीट धुतलं तरी रंग सोडत नसे, कारण तुरटीसारखी द्रव्यं लावून रंग धाग्यात पक्का करायची विद्या इथल्या कारागिरांकडे होती. इंग्लंडमध्ये ते इतकं खपलं, की लोकर आणि रेशीम विणणारे हवालदिल झाले. १७०० च्या कायद्यानं छापील कापडाची आयात अडवली, पण पांढरं कापड येतच राहिलं आणि ते लंडनमध्येच छापलं जाऊ लागलं. १७१९ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातले विणकर रस्त्यावर उतरले आणि चीट नेसलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे टराटरा फाडू लागले. मग १७२१ चा कायदा आला. छापील सुती कापड अंगावर दिसलं तर ५ पौंड दंड, विकणाऱ्याला २०. नुसत्या निळ्या रंगातलं आणि मलमल तेवढी सुटली.

ही वापरावरची बंदी १७७४ मध्ये उठली, पण ती इंग्लंडात कातून-विणून छापलेल्या कापडापुरती. म्हणून तर १७७५ मध्ये प्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिक याच्या बायकोच्या पलंगाचे पडदे जकातवाल्यांनी जप्त केले. कलकत्त्याच्या मित्रांनी भेट पाठवलेलं ते चीट होतं. गॅरिकनं अधिकाऱ्यांना विनवण्यांचं पत्र लिहिलं. ते पडदे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

पुढे गिरण्यांनी नकलांचा पूर आणला आणि शब्दाची पत उतरली. १८५१ मध्ये जॉर्ज एलियट ही लेखिका एका पत्रात कापडाचा पोत चांगला पण दिसायला ‘चिंट्झी’, असं नाक मुरडते. आज त्या शब्दाचा अर्थ भडक, हलक्या प्रतीचं, आणि अमेरिकेत तर चक्क चिक्कू माणूससुद्धा. ज्याच्यासाठी दंड भरायची तयारी होती, त्याची ही गत! आपल्याकडेही चीट शालू-पैठणीच्या पंगतीत कधी नव्हतं, पण ‘चिटाचं’ म्हणजे टाकाऊ असा अर्थ मात्र मराठीत झाला नाही. रोजच्या वापराचं, एवढंच.

तेव्हा भाषांतर करताना इंग्लंडातल्या जुन्या घरातले पडदे बिनधास्त ‘चिटाचे’ म्हणा. ‘चिंट्झी’ आलं तर मात्र चीट मध्ये आणू नका. तिथं ‘भडक’ किंवा ‘हलकं’ चालेल.