तिसरा हप्ता तुम्ही भरू नका

प्रश्न : मी जालना जिल्ह्यातल्या एका गावात उमेद या सरकारी अभियानाची सीआरपी, म्हणजे गावातल्या बचत गटांना मदत करणारी कार्यकर्ती, आहे. माझ्याकडे 14 बचत गट आहेत. बऱ्याच बायांनी गटाबाहेर कंपन्यांची कर्जं काढलीत. हप्त्याच्या आदल्या रात्री कोणी ना कोणी माझ्या दारात येऊन रडतं. एकीचे दोन हप्ते मी माझ्या मानधनातून भरले, घरी सांगितलं नाही. आता ती तिसऱ्यांदा आलीय. नाही म्हणवत नाही आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. काय करू?

उत्तर : ताई, तिसरा हप्ता भरू नका. वर्धा जिल्ह्यात गटांचं काम करताना मीही एकीचे पैसे भरले होते. मग ती मला टाळायला लागली, बैठकीला येईना. मला पाहिलं की तिला उधारी आठवायची. मन मोकळं करायला तिला एकच जागा होती, तीही माझ्यामुळे गेली.

तुमची वही आणि पेन तिच्या जास्त कामाचं आहे. एकदा मी अशाच एका घरी बसले होते. तिनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून रबरानं बांधलेली तीन कर्जकार्डं काढली. चौथं मुठीत होतं, नवरा बैलाला पाणी दाखवायला उठला तेव्हा हळूच माझ्यापुढे सरकवलं. चारही कार्डांवरच्या हप्त्यांची महिन्याची बेरीज 10,150 रुपये झाली. घरात महिन्याला सरासरी येत होते 13,000. तेही सरासरीच, कारण सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास एकदाच येतो आणि हप्तेवाला दर आठवड्याला. म्हणून नवऱ्यासमोर बसण्याआधी तिला एकटीला विचारा, त्याला न सांगितलेलं काही आहे का. त्यावरून तिला मार बसेल असं वाटलं, तर आधी तिच्या विश्वासातलं माणूस सोबत घ्या.

बेरीज झाली की कायदा तुमच्या बाजूचा आहे. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण कर्ज देताना, त्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जायला नकोत, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. 13,000 च्या घराला 6,500. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांना त्रास देता येत नाही. फेड अवघड झालेल्या कर्जदाराला पुढचा मार्ग सांगणं हेही कंपनीचंच काम आहे. तेव्हा शाखेला लेखी अर्ज द्यायला लावा, उत्पन्न आणि हप्त्यांची बेरीज जोडा, पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, माहिती 14448 वर मिळते. अर्ज दिला म्हणून कर्ज माफ होत नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगा. आणि जुनं फेडायला पाचवं कार्ड काढू देऊ नका.

आता तुमचं. 14 गटांचं रडणं एकटीनं ऐकायचं, असं तुमच्या नेमणुकीत कुठेही लिहिलेलं नाही. ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाच्या, बैठकीत नावं न घेता विषय मांडा : किती घरं, किती कार्डं. कुणाच्या घरात आजारपण असेल किंवा चूलच पेटत नसेल, तर ग्रामसंघाचा व्हीआरएफ, म्हणजे अडचणीतल्या घरांसाठीचा निधी, त्यासाठीच असतो, ठराव घ्यायला लावा. प्रभागातल्या बाकीच्या सीआरपींना विचारा. त्यांच्यापैकीही कुणी गुपचूप हप्ते भरले असतील, मला खात्री आहे. महिन्यातून एकदा तुम्ही सगळ्या मिळून बसा, आणि त्या दिवशी रजिस्टर आणू नका. रात्री दारात येणारीला पाणी द्या, ऐकून घ्या आणि सांगा, "उद्या सकाळी कार्डं घेऊन ये." ती येते.

आणि त्या दोन हप्त्यांचं घरी सांगून टाका. वही घेऊन तिच्याकडे जाण्याआधी सांगा.