राणीच्या डोक्यावर टियारा टिकतो कसा?

गेल्या अंकात ब्रिटनच्या राण्यांच्या समारंभातल्या दागिन्यांवर एक छोटी चौकट छापली होती. तिच्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांच्या मनातली राणी म्हणजे दुसरी एलिझाबेथ, त्यामुळे उत्तरंही जास्त करून तिच्याच दागिन्यांबद्दलची आहेत.

प्रश्न : मुलीच्या रिसेप्शनला खड्यांचा टियारा लावला. ब्युटिशियनने वीसेक पिना लावल्या, तरी तासाभरात तो कपाळावर घसरला आणि कानामागे रुतायला लागला. राणी तर तासन्‌तास मेजवानीला बसत असे. तिचा कसा हलत नसे? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पिना किती लावल्या यापेक्षा त्या कशात लावल्या ते बघा. सकाळीच शॅम्पू केलेल्या सुळसुळीत केसांत पिनेला धरायला काहीच नसतं. म्हणून टियाराखाली आधी केसांचाच पाया बांधतात. २०११ मध्ये केट मिडलटनच्या लग्नात राणीने वापरायला दिलेला कार्तिए पेढीचा टियारा लावताना माथ्यावरचे केस उलटे विंचरून फुगवले होते, मध्ये एक बारीक वेणी घातली होती आणि टियारा त्या वेणीला चक्क सुईदोऱ्याने शिवला होता.

दुसरी गोष्ट तळपट्टीची. चांगल्या टियाराच्या तळपट्टीला केसांच्या रंगाची मखमली फीत गुंडाळतात. धातू केसांवरून घसरतो, मखमल धरून राहते. शिवाय फितीत पीन किंवा टाका अडकवता येतो, नुसत्या धातूत नाही. बाजारातल्या टियाराला ही फीत नसते. अर्धा इंची मखमली फीत आणून घरी गुंडाळा, आणि आतल्या बाजूने दर दोन-अडीच इंचांवर दोऱ्याचं छोटं कडं करून घ्या. प्रत्येक कड्यातून दोन पिना एकमेकींवर फुली येईल अशा घाला. एकाच दिशेने घातलेल्या पिना एकाच दिशेने निघून येतात, आणि तुमच्याकडे बहुधा तेच झालं.

तिसरी गोष्ट जागेची. केसांच्या रेषेपासून दोन-तीन बोटं मागे, किंचित मागे कललेला टियारा आपलं वजन माथ्यावर टाकतो. कपाळाजवळ ताठ उभा केला की सगळा भार पुढे येतो आणि मागची टोकं कानामागे रुततात. टोकं रुतत असतील तर सोनाराकडून फ्रेम जराशी फाकवून घ्या, हाताने वाकवू नका. फ्रेम वाकली की खड्यांच्या पकडी सैल होतात आणि नेमका मधला खडा आधी पडतो.

आणि एक फरक विसरू नका. राणी कुणाच्या पाया पडत नाही. आपल्याकडची नवरी तासाभरात वीस वेळा वाकते. तेव्हा हॉलवर निघण्याआधी घरीच पाच नमस्कार करून बघायचे.

प्रश्न : एलिझाबेथच्या लग्नाच्या दिवशी टियारा तुटला होता असं वाचलं. राजघराण्यातला दागिना असा कसा तुटतो? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुटला हे खरं. तारीख २० नोव्हेंबर १९४७. डोक्यावर बसवतानाच फ्रेम मोडली. गॅरार्ड या सराफी पेढीचा कारागीर हाताशी ठेवला होता, त्याने टियारा पोलिसांच्या बंदोबस्तात कार्यशाळेत नेला, जोडला आणि वेळेत परत आणला. त्या दिवसाचे फोटो जवळून बघा, मधल्या दांडीच्या बाजूला बारीकशी फट दिसते. बाकीच्या दांड्या कंगव्याच्या दातांसारख्या चिकटून उभ्या आहेत आणि तेवढीच जागा मोकळी आहे. एकदा दिसली की नजर तिथून हलत नाही.

का तुटला हे त्याच्या बांधणीतून कळतं. व्हिक्टोरिया राणीने १८९३ मध्ये मेरीला, म्हणजे एलिझाबेथच्या आजीला, लग्नात हिऱ्यांचा हार दिला होता. त्यातले हिरे घेऊन १९१९ मध्ये गॅरार्डने हा टियारा घडवला. हिऱ्यांच्या ४७ दांड्या आणि त्यांच्यामध्ये ४६ बारीक टोकं. फ्रेमवरून उतरवला की तोच गळ्यात हार म्हणून घालता येतो. म्हणजे तो अखंड पत्रा नाही, जोडांचा दागिना आहे. अशी कमान डोक्यावर चढवताना दोन्ही टोकं फाकवावी लागतात, आणि टोकं फाकवली की सगळ्यात जास्त ताण मधोमध येतो. बांगडी फाकवताना टोकांसमोरची बाजू आधी दमते, तसंच हे.

दुरुस्ती पक्की झाली असावी. एलिझाबेथची मुलगी ॲन हिने १९७३ मध्ये आणि नात बिआट्रिस हिने २०२० मध्ये लग्नात हाच टियारा घातला.

प्रश्न : मुकुट, डायडेम आणि टियारा यांत फरक काय? राणी संसदेत जाई तेव्हा कुठला घाली? — एक वाचक, इंदूर

उत्तर : मुकुट राजपदाचा, टियारा अलंकाराचा, हे पहिलं. टियारा राजघराण्यातल्या इतर स्त्रियाही घालतात, संध्याकाळच्या मेजवानीला. राज्यकर्तीचा मुकुट फक्त ती घालते, तोही मोजक्या दिवशी. डायडेम या दोहोंच्या मध्ये बसतो. तो डोक्याभोवती पूर्ण गोल फिरतो, पण वर कमानी नसतात. ब्रिटनच्या टपाल तिकिटांवर एलिझाबेथच्या डोक्यावर दिसतो तो चौथ्या जॉर्जसाठी १८२० मध्ये केलेला, १,३३३ हिऱ्यांचा डायडेम.

संसदेच्या उद्घाटनाला दोन्ही लागत. राणी बग्गीतून डायडेम घालून येई. मुकुट त्याच्या स्वतःच्या बग्गीतून वेगळा येई. संसदेतल्या रोबिंग रूममध्ये डायडेम उतरवून मुकुट चढवायचा, भाषण वाचायचं, आणि परतताना पुन्हा डायडेम.

हा मुकुट म्हणजे इम्पिरियल स्टेट क्राउन, १९३७ चा. वजन १.०६ किलो, हिरे २,८६८. पुढच्या बाजूला ३१७.४ कॅरेटचा दुसरा कलिनन, म्हणजे कलिनन नावाच्या एकाच प्रचंड हिऱ्यातून कापलेल्या हिऱ्यांपैकी दुसरा, आहे. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजे हा एकटा हिराच साडेत्रेसष्ट ग्रॅमचा, सहा तोळ्यांहून जास्त. त्याच्या वर बसवलेलं ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ मुळात माणिक नाही, लाल स्पिनेल आहे. जुन्या काळी ही दोन रत्नं वेगळी ओळखता येत नव्हती, नाव मात्र चिकटलं.

मूळ मुकुट तिच्या वडिलांसाठी केलेला, म्हणून एलिझाबेथसाठी १९५३ मध्ये त्याच्या कमानी इंचभर खाली घेतल्या. तरी तो घालून खाली बघायची सोय नव्हती. २०१८ च्या बीबीसीच्या माहितीपटात राणीनेच सांगितलं आहे की भाषणाचा कागद वर धरावा लागतो, मान खाली घातली तर मान मोडेल आणि मुकुट पडेल. ऑक्टोबर २०१९ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, तिने संसदेतही डायडेमच ठेवला आणि मुकुट शेजारी उशीवर आला.

पडण्याची भीती पोकळ नव्हती. याच्या आधीचा, व्हिक्टोरियाचा मुकुट १८४५ मध्ये संसदेतल्या समारंभात ड्यूक ऑफ अर्गाइलच्या हातातल्या उशीवरून खाली पडला आणि चेपला. खाली बसलेल्या पुडिंगसारखं त्याचं झालं, अशी नोंद व्हिक्टोरियाने केली.

राज्याभिषेकाचा सेंट एडवर्डचा मुकुट याहून वेगळा. तो १६६१ चा, सोन्याचा, सव्वादोन किलोच्या आसपास. तो अभिषेकाच्या विधीपुरताच डोक्यावर राहतो, बाहेर पडताना हलका इम्पिरियल मुकुट असतो.

प्रश्न : एलिझाबेथने कोहिनूर कधी घातला होता का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. १०५.६ कॅरेटचा कोहिनूर १९३७ मध्ये तिच्या आईसाठी केलेल्या प्लॅटिनमच्या मुकुटात आहे. ६ मे २०२३ ला तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकात त्याची राणी कॅमिला हिनेही कोहिनूर टाळला. तिने मेरी राणीचा १९११ चा मुकुट घातला, त्याच्या आठपैकी चार कमानी काढून, आणि त्यात तिसरा, चौथा व पाचवा कलिनन बसवून.

त्याच दिवशी तिच्या गळ्यात लाहोरचा हिरा मात्र होता, याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. राज्याभिषेकाच्या हाराचं २२.४८ कॅरेटचं लटकन म्हणजे लाहोर डायमंड. हार १८५८ चा. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या राजघराण्याने वारसाहक्काचा दावा जिंकल्यामुळे व्हिक्टोरियाला बरेच दागिने त्यांना द्यावे लागले. ती पोकळी भरायला गार्टर या सन्मानाच्या बिल्ल्यातले आणि तलवारीच्या मुठीतले हिरे काढून हा हार केला. १९०२ पासून प्रत्येक राज्याभिषेकाला राणीच्या गळ्यात तोच असतो.

प्रश्न : राणी ब्रोच नेहमी डावीकडेच का लावत असे? आणि माझा ब्रोच साडीवर पुढे लोंबतो, त्याला उपाय? — एक वाचक, ठाणे

उत्तर : सक्तीचा नियम नाही, पण सन्मानचिन्हं डाव्या छातीवर लावतात, हस्तांदोलनाचा हात उजवा, आणि उजव्या हाताने पीन लावायला डावी बाजूच सोपी. ब्रोचची निवड मात्र सहज केलेली नसे. कॅनडात मेपलचं पान, ऑस्ट्रेलियात वॉटलच्या फुलाचा पिवळ्या-पांढऱ्या हिऱ्यांचा ब्रोच, न्यूझीलंडमध्ये नेच्याचं पान. भाषणाआधीच निम्मा संदेश पोचलेला असे.

आता लोंबण्याचं. ५ जून २०१२ ला सेंट पॉल्समधल्या प्रार्थनेला राणीने तिसरा आणि चौथा कलिनन असलेला ब्रोच लावला होता. दोन हिरे मिळून १५८ कॅरेट, म्हणजे नुसते हिरेच ३१.६ ग्रॅम. घरात त्याला ‘आजीच्या ठिकऱ्या’ म्हणत. एवढं वजन जाड कोटाचं कापड झेलतं, साडीचा रेशमी पदर झेलत नाही.

ब्रोच लोंबतो त्याची कारणं दोनच. पहिलं, पीन ब्रोचच्या मधोमध किंवा खाली असते आणि वरचा भाग जड असतो. ब्रोच विकत घेतानाच उलटा करून बघा, पीन मध्याच्या वर हवी. दुसरं, कापड एकटं पडतं. पदराच्या आतून दोन इंच चौरस फेल्टचा किंवा कॅनव्हासचा तुकडा धरा आणि पीन पदर, तुकडा आणि खालचं ब्लाउज अशी तिन्हींतून घाला. सुई एकदा आत, एकदा बाहेर, पुन्हा आत, असा धावता टाका घातल्यासारखी जाऊ द्या. जरीच्या बुट्टीतून कधीच नको. जरीची तार तुटली की ती पुन्हा बसत नाही, आणि पैठणीवर ते भोक कायमचं दिसतं.

प्रश्न : राणी दिवसा मोती आणि रात्री हिरे का घालत असे? माझ्याकडे आजीची बसऱ्याच्या मोत्यांची माळ आहे, ती रोज वापरली तर चालेल? — एक वाचक, मुंबई

उत्तर : जुन्या शिष्टाचारात मोठे हिरे दिव्यांच्या उजेडासाठी, आणि टियारा संध्याकाळी सहानंतर. दिवसा टोपी, ब्रोच आणि मोती. एलिझाबेथची तीनपदरी माळ याच हिशेबात बसते.

आजीची माळ जरूर वापरा. अंगावर असलेले मोती कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या मोत्यांपेक्षा चांगले राहतात, फार कोरड्या जागी त्यांना तडे जाऊ शकतात. प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत ठेवू नका, मऊ सुती कापडात ठेवा. अत्तर, हेअर स्प्रे, पावडर सगळं आधी, मोती शेवटी. उतरवताना उलटं, मोती आधी, आणि ओलसर मऊ कापडाने एकेक पदर पुसून. घामातलं आम्ल मोत्याची झळाळी खातं. नेहमी घालत असाल तर वर्षाकाठी माळ गाठवून घ्या, आणि दर दोन मोत्यांमध्ये गाठ हवीच असं बजावून सांगा. गाठ असली की दोरा तुटल्यावर एकच मोती पडतो, शिवाय मोती एकमेकांवर घासत नाहीत. दोरा मळकट दिसला किंवा मोत्यांमध्ये फट पडली की माळ घालणं थांबवा.

राणीची पोशाख-सहायक अँजेला केली हिरे उजळायला थोडी जिन आणि पाणी वापरत असे. ते हिऱ्यांपुरतंच ठेवा. मोत्यांना मद्यार्क लावू नये, आणि पाचूलाही नाही, कारण पाचूतल्या चिरा बहुधा तेलाने भरलेल्या असतात.

प्रश्न : हैदराबादच्या निजामाने दिलेल्या हाराचं पुढे काय झालं? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हार आहे, टियारा मोडला. १९४७ मधल्या एलिझाबेथच्या लग्नाला निजामाने कार्तिएला कळवलं होतं की राजकन्येला हवं ते तिलाच निवडू द्या. तिने फुलांच्या नक्षीचा टियारा आणि हिऱ्यांचा हार निवडला. टियाराचे हिरे १९७३ मध्ये काढून ब्रह्मदेशाने लग्नात दिलेल्या ९६ माणकांबरोबर नव्या टियारात बसवले. ९६ आजारांपासून रक्षण, अशी त्यामागची ब्रह्मी समजूत. जुन्या टियारातली गुलाबं ब्रोच म्हणून राहिली. हार राणीने केटला वापरायला दिला होता, फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत तो तिच्या गळ्यात दिसला. त्याचं मधलं लटकन काढता येतं.

प्रश्न : एकाच टियारात राणीच्या काही फोटोंत मोती दिसतात, काहींत हिरवे खडे. दोन वेगळे टियारा आहेत का? — एक वाचक, पणजी

उत्तर : एकच आहे, व्लादिमीर टियारा. एकमेकांत गुंफलेली हिऱ्यांची १५ वर्तुळं, आणि प्रत्येकात एक लटकन. रशियन राज्यक्रांतीच्या काळात ग्रँड डचेस मारिया पावलोव्हनाच्या राजवाड्यातून तो एका इंग्रज मित्राने गुपचूप बाहेर काढला. तिच्या मुलीकडून १९२१ मध्ये मेरी राणीने तो विकत घेतला आणि मोत्यांऐवजी पाचूही अडकवता येतील अशी सोय करून घेतली. लटकन वरच्या बारीक आकड्यावर टांगलेलं असतं. मान हलली की तेही हलतं, म्हणून खडा वर्तुळाच्या कडेवर आपटणार नाही इतकी मोकळी जागा चारही बाजूंनी सोडावी लागते. राणी गळ्यात मोती असले की मोती अडकवी, पाचूंचा हार असला की पाचू. आणि काही मेजवान्यांना तिने दोन्ही काढून नुसती रिकामी वर्तुळंच घातली आहेत.