पदकाच्या कडेवरचे नाव

प्रश्न : माझ्या आजोबांचे वडील पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याच्या लढाईत’ गेले आणि परतले नाहीत, एवढेच आमच्या घरात सांगितले जाते. देवघराच्या कोनाड्यात रुप्याचे एक पदक आणि बशीएवढी जड कांशाची तबकडी आहे. तबकडीवर एक स्त्री, एक सिंह आणि पणजोबांचे नाव आहे. त्यांच्या पलटणीबद्दल मात्र घरात एकमत नाही. वडील ‘जंगी पलटण’ म्हणत असत, तर चुलते ‘काळी पाचवी’ म्हणतात. त्यांचे पुढे काय झाले, याचा लेखी पुरावा मिळू शकेल का? (एक वाचिका, चिपळूण)

उत्तर : आपल्या घरातील दोन्ही वस्तू बोलक्या आहेत. तबकडीपासून सुरुवात करू. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची ही कांशाची तबकडी त्या युद्धात सेवेत असताना मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या वारसांनाच दिली जाई. त्यामुळे पणजोबा परागंदा झाले की परमुलखातच स्थायिक झाले, अशी शंका कुणी घेतली असेल, तर ती मनातून काढून टाकावी. तबकडीवर हुद्दा आणि क्रमांक मुद्दामच घातलेले नसतात, केवळ नाव असते. म्हणून पुढचा शोध पदकावरून घ्यावा लागेल.

पदकावर एका बाजूला राजा पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचा घोडेस्वार असेल, तर ते ब्रिटिश युद्धपदक होय. ते दिव्याजवळ आडवे धरून त्याची कड भिंगातून पाहावी. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात : प्रथम शिपायाचा क्रमांक, मग हुद्दा, मग नाव आणि शेवटी पलटण. एक कळकळीची विनंती आहे. पदक चिंच, राख किंवा रांगोळी लावून घासू नका. दर दिवाळीला उजळलेल्या अशा एका पदकाची कड मी पाहिली आहे. त्यावर आडनावाची शेवटची तीन अक्षरे तेवढी उरली होती, क्रमांक बोटालाही लागत नव्हता. त्या घराचा शोध तेथेच थांबला, याची हळहळ मला आजही वाटते. अक्षरे पुसट असतील, तर पातळ कागद कडेवर गुंडाळून त्यावर शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरवावी, ती बऱ्याचदा उमटतात.

वडील आणि चुलते यांच्यातील मतभेदही ही कडच मिटवील. १९०३ च्या पुनर्रचनेत मुंबई फौजेतील पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवण्यात आले. त्यामुळे तिसरीची १०३वी, पाचवीची १०५वी, दहावीची ११०वी आणि सतरावीची ११७वी झाली. ‘जंगी पलटण’ म्हणजे १०३वी आणि ‘काळी पाचवी’ म्हणजे १०५वी. कागदावरचा क्रमांक बदलला तरी गावाकडे जुनेच नाव चालत राहिले, आणि म्हणूनच घरात ऐकलेला असा शब्द मी कधीच हलका मानत नाही. १९२२ मध्ये या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या छत्राखाली आल्या, तेव्हा १०३वी ही पहिली बटालियन आणि १०५वी ही दुसरी बटालियन झाली. त्यानंतरच्या कागदांत ‘१/५’ किंवा ‘२/५’ असे लिहिलेले आढळल्यास गोंधळू नये, पलटण तीच आहे.

हा फरक आपल्या दृष्टीने मोठा आहे. १०३वी, ११०वी आणि ११७वी या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, लढल्या आणि डिसेंबर १९१५ पासून तैग्रिस नदीकाठच्या कूत-अल-अमारा येथे तुर्की फौजेच्या वेढ्यात सापडल्या. अन्नाच्या हालअपेष्टा सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्याला शरण जावे लागले. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना तुर्कांनी रास-अल-ऐन भागात रेल्वेच्या कामावर जुंपले, आणि कित्येक जण तेथेच उपासमारीने व रोगाने मेले. १०५वी त्या वेढ्यात नव्हती. म्हणून कडेवर १०३ निघाले आणि मृत्यूची तारीख एप्रिल १९१६ नंतरची मिळाली, तर पणजोबा कैदेत वारले असण्याची शक्यता लक्षात घ्यावी आणि आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने खुल्या केलेल्या त्या युद्धातील कैद्यांच्या कागदपत्रांतही शोध घ्यावा.

मृत्यूची नोंद शोधण्याची मुख्य जागा म्हणजे कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाचे संकेतस्थळ. तेथे शोध घेण्यास पैसे पडत नाहीत. मात्र नाव टाकले आणि नोंद निघाली, असे मराठी नावांच्या बाबतीत क्वचितच घडते. कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले आहे. एकच पवार कुठे ‘पोवार’, तर कुठे ‘पवर’ झाला आहे, आणि घाडगे व घाटगे यांची अदलाबदल झाली आहे. काही ठिकाणी आडनावच नाही, नावापुढे वडिलांचे नाव किंवा जात लिहून मोकळे झाले आहेत. म्हणून आडनावाचा हट्ट सोडून पलटण आणि क्रमांक यांवरून शोधावे आणि निघालेली यादी ओळीने वाचावी. पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. गावाचे नाव मोठ्याने उच्चारून पाहावे. डोळ्यांना अनोळखी वाटलेले गाव कानाला ओळखता येते. जिल्हा त्या काळचा धरावा : आजचे रायगड म्हणजे कुलाबा, आणि आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भाग तेव्हा रत्नागिरीत होता.

नोंद सापडली आणि स्मारक म्हणून बसऱ्याचे नाव आले, तर एक गोष्ट आधीच माहीत असावी, नाहीतर छायाचित्रे पाहताना जीव कासावीस होतो. मेसोपोटेमियात मृत्यू पावलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी उभारलेल्या या स्मारकाचे अनावरण १९२९ मध्ये झाले. ब्रिटिश सैनिकांची नावे हुद्दा न पाहता कोरली गेली. हिंदी फौजेतील मात्र जमादार-सुभेदार यांच्यासारख्या अधिकाऱ्यांचीच नावे आली. शिपायांच्या वाट्याला पलटणीखाली केवळ एक आकडा आला. त्यांची नावे नोंदवहीत ठेवण्यात आली. या असमान वागणुकीबद्दल आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये माफी मागितली. भिंतीवर नाव नाही म्हणून नोंदच नाही, असे समजून आपण थांबू नये, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. पणजोबांचे नाव नोंदवहीत असू शकते, आणि ते वाचणारे घरातले पहिले माणूस कदाचित आपणच असाल.

कागदाची दुसरी बाजू आपल्या गावातच आहे. पणजोबांच्या नावे जमीन असेल, तर त्यांच्यानंतर वारसांची नावे लागली त्याचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ ची नोंद, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मागवावी. जन्म-मृत्यूचे जुने कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, वडिलांचे नाव निश्चित करण्यास उपयोगी पडते. ते मोडी लिपीत असेल, तर ती लिपी वाचणारा शोधावा लागेल. चावडी, शाळा किंवा देऊळ यांच्या भिंतीत ‘या गावातून महायुद्धास इतके लोक गेले, पैकी इतके कामास आले’ अशा अर्थाचा दगड आहे का, तेही पाहावे. त्यावर नावे नसतात, पण आकडा असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण कामास आले, आणि ते गाव आज ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते.

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून सुखरूप परतले. त्यांचे डिस्चार्ज बुक आमच्याजवळ आहे. त्यांची अधिक माहिती त्याच संकेतस्थळावर मिळेल का? (एक वाचक, माणगाव)

उत्तर : नाही. आयोगाकडे मृतांचीच नोंद असते. आपल्या तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत कामास आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांची नोंद तेथे आहे. परतलेल्यांचे कागद रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात शोधावे लागतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे कार्यालय बेळगावला आहे. डिस्चार्ज बुकावरील क्रमांक, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव आणि भरतीची तारीख लिहून, पुस्तकाची प्रत जोडून, नात्याच्या पुराव्यासह रजिस्टर टपालाने अर्ज करावा. आपल्याला हवा असलेला कागद ‘शीट रोल’ या नावाने मागावा. भरती, बदल्या, बढत्या आणि जवळचे वारस त्यात एकत्र असतात. निवृत्तिवेतन न मिळालेल्यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात. त्यामुळे आजींना कुटुंबनिवृत्तिवेतन मिळत होते का, हे आधी पाहावे. मिळत असल्यास त्या आदेशाचा क्रमांक अर्जात अवश्य लिहावा. अर्ज लिहिताना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घेता येते.

प्रश्न : आमचे महार समाजातील पूर्वज कंपनी सरकारच्या फौजेत होते, असे ऐकतो. महार रेजिमेंटकडे विचारावे का? (एक वाचक, खेड, जि. रत्नागिरी)

उत्तर : तेथे त्यांचे कागद मिळणार नाहीत. आजच्या महार रेजिमेंटची उभारणी १ ऑक्टोबर १९४१ ची आहे. त्यापूर्वी १९१७ मध्ये उभारलेली १११वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. एकोणिसाव्या शतकातील महार शिपाई मुंबई फौजेच्या सर्वसाधारण पलटणींत, इतर जातींच्या शिपायांबरोबर नोकरी करीत, आणि त्या शतकाच्या अखेरीस सरकारने त्यांची भरती बंद केली. म्हणून आपला शोध मुंबई फौजेच्या कागदांतच घ्यावा लागेल. त्यासाठी मुंबईचे महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आणि दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार या दोन जागा आहेत.

नाव शोधताना आडनाव विसरून ‘नाक’ हा शेवट पाहावा. रामनाक, सिदनाक अशी नावे इंग्रजी कागदांत एका शब्दात किंवा तोडून लिहिलेली असतात. १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरेगाव भीमा येथील स्तंभावर असे शेवट असलेली अनेक नावे कोरलेली आहेत. स्तंभाजवळ उभे राहून ती एकदा सावकाश वाचावीत, म्हणजे जुन्या कागदातले नाव ओळखण्यास डोळा तयार होतो. आपल्या घरात आजे-पणजे यांच्यापलीकडची नावे कुणाला पाठ असतील, तर ती आजच लिहून घ्यावीत.