औषधाची सवय नेमकी कुणाला होते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आरोग्यसेविका ताईंचा प्रश्न आहे: "गोळ्या लागू पडेनाशा झाल्या की आमच्या गावात म्हणतात, 'आंगाले औषदाची सवय झाली.' प्रशिक्षणाच्या पुस्तकात 'प्रतिजैविक प्रतिरोध' असतं, ते कुणाला कळत नाही. उपकेंद्राच्या भिंतीवर काय लिहू? आणि अहवालात 'औषधरोधक' लिहायचं की 'औषधरोधी'?"

ताई, आधी 'सवय' हा शब्द सोडा. तंबाखूची, दारूची, झोपेच्या गोळीची सवय अंगाला होते. जंतू मारणाऱ्या गोळीचं, म्हणजे प्रतिजैविकाचं किंवा अँटिबायोटिकचं, तसं नाही. तिथे बदलतो तो जंतू, आपलं अंग होतं तसंच राहतं. 'आंगाले सवय झाली' म्हटलं की दुखणं ज्याचं त्याचं होऊन बसतं. मग तो 'पावरची गोळी द्या' म्हणतो, नाहीतर आपल्याला लागू न पडलेल्या, उरलेल्या गोळ्या लेकराला चारतो. लेकराच्या अंगाला कुठे सवय आहे अजून, असा त्याचा हिशेब. पण जंतू एकच असेल तर लेकरालाही त्या गोळीनं गुण येणार नाही.

कापसाच्या मुलखात हे समजावणं खरं तर सोपं आहे. २०१७ च्या हंगामात बोलगार्ड-२ च्या, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कापसाच्या, बोंडांतही गुलाबी बोंडअळी जिवंत निघाली. तेव्हा 'पऱ्हाटीला बीटीची सवय झाली' असं कुणी म्हटलं नाही. अळी बदलली हे प्रत्येकाला दिसत होतं. विषातून ज्या अळ्या वाचल्या, त्यांचीच पिलावळ वाढत गेली. जंतूंचंही तेच होतं. कोट्यवधींच्या गर्दीत एखाददुसरा मुळातच वेगळा असतो, गोळीनं बाकीचे मेले की त्याला मोकळं रान मिळतं. औषधाचा स्पर्श होण्याआधीच असे जंतू गर्दीत हजर असतात, हे जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दाम्पत्यानं १९५२ मध्ये प्रयोगानं दाखवलं. म्हणून 'जंतूला सवय झाली' हेही बरोबर नाही. सरावानं निर्ढावण्याची ही गोष्टच नव्हे.

अळीपेक्षा जंतू एका बाबतीत फार पुढचा आहे. अळीचा गुण तिच्या पिलांकडेच जातो. जंतू मात्र तो शेजारच्या जंतूला, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. त्याच्या पेशीत पुष्कळदा प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी कडी असते. दोन जंतू जवळ आले की तिची नक्कल एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि एकाच कडीवर दोन-तीन औषधांवरचे तोडगे असू शकतात. धडधाकट माणसाच्या आतड्यात असे जंतू गुपचूप राहतात. तिथून ते न धुतलेल्या हातांनी, मैल्यानं, दूषित पाण्यानं घरोघर जातात. ज्या बाईनं कधी अँटिबायोटिक घेतलं नाही, तिच्या लघवीच्या जळजळीवरही मग नेहमीची गोळी चालत नाही. कोंबड्यांच्या खाद्यातूनही अँटिबायोटिक दिलं जायचं. त्यातल्या कोलिस्टिनवर, म्हणजे माणसासाठी अगदी शेवटी काढायच्या औषधावर, भारतात २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांपुरती बंदी आली.

एकाच्या चुकीची किंमत दुसरा मोजतो, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगितलं होतं. त्यानं एक कल्पित गृहस्थ उभा केला. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच थोडं पेनिसिलिन घेतो, जंतू मरत नाहीत, ते बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो आणि पेनिसिलिन देऊनही ती दगावते. औषध कमी घेतलं त्यानं, जीव गेला तिचा. मेडिकलमध्ये कात्रीनं पट्टी कापून चार गोळ्या घेताना, 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका' सांगणारी लाल उभी रेघ आणि औषधाचं नाव मागेच राहून जातं, तेव्हा मला ती बाई आठवते.

आता भिंतीसाठी शब्द. तो मराठीत तयारच आहे: दाद न देणे. 'औषधाला दाद न देणारा क्षयरोग' हे आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. या वाक्यात कर्ता रोग आहे, रोगी नव्हे, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं. ही दाद फारसीतली. तिथे तिचा अर्थ न्याय, म्हणून कोर्टात 'दाद मागतात'. तुमच्या भागात हिंदीच्या वाऱ्यानं नायट्यालाही दाद म्हणतात. तो संस्कृत 'दद्रू'वरून आलेला, अगदी वेगळा शब्द. घोटाळ्याची भीती वाटली तर 'जुमानत नाही' लिहा.

'जंतूंची प्रतिकारशक्ती' मात्र नको. लसीच्या दिवशी तुम्हीच आयांना सांगता की प्रतिकारशक्ती वाढली पाहिजे. तोच शब्द जंतूला दिला तर त्या गोंधळतील.

मी असं लिहीन: 'अर्धवट गोळ्यांतून वाचलेले जंतू पुढे औषधाला जुमानत नाहीत आणि घरच्यांनाही लागतात. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी, सांगितले तितके दिवस.' गावच्या बोलीत 'औषदाले मानत नाही' लिहिलंत तरी उत्तम.

अहवालात 'औषधरोधक' लिहा. 'औषधरोधी' चूक नाही, पण 'जलरोधक' सगळ्यांच्या ओळखीचा आहे, त्यामुळे त्याच घडणीचा 'औषधरोधक' वाचताच कळतो.